मागची खाडी पुसट पाहिजे

साल दोन हजार चोवीस. माझं वय बहात्तर. म्हणजे आधार कार्डावर बहात्तर. आई सांगायची, तू झालास त्या साली खाडीत कोळंबी फार होती. कोळंबी तेव्हा दर सालीच फार असायची, त्यामुळे त्याच्यावरून काही ठरत नाही. लग्नाचं साल मात्र पक्कं आहे, कारण ते बायकोच्या लक्षात आहे. त्या वर्षी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी झाली.

पोराचं म्हणणं पडलं, नेरूळला एसी हॉल घेऊ, बँजो लावू, केक कापू. सून म्हणाली, आजकाल जुन्या फोटोंची फिल्म करून पडद्यावर दाखवतात, ती पण करू. ते काम नातीवर आलं. नात म्हणजे ह्याच पोराची पोरगी. कॉलेज झाल्यावर ती वाशीला एका जाहिरातवाल्याकडं फोटोचं काम शिकत होती. तिनं घरातले सगळे अल्बम, भिंतीवरच्या फ्रेमा, कपाटातली पाकिटं खाली काढली आणि लादीवर पसरून बसली. दिवसभर बसली. मग मला हाक मारली.

"आजोबा, आजी कुठंय?"

"आत हाय. मासळी साफ करतेय."

"तसं नाय ओ. फोटोत कुठंय?"

मी चष्मा लावून तिच्याजवळ बसलो. पोराच्या हळदीचा फोटो उचलला. पुढं मी, माझा मोठा भाऊ, पाहुणे मंडळी, आणि मागं दारात कोणीतरी परात घेऊन उभं.

"ही बघ," मी म्हटलं.

"ही आजी? तोंड कुठाय हिचं?"

"परातीच्या मागं. परात आपलीच हाय, ओळखली मी."

पोरीच्या लग्नात ती होती, पण नेमका तिच्यापुढं मामाचा फेटा आला होता. नवी बोट पाण्यात सोडली त्या दिवशीच्या फोटोत नारळ फोडणारा मी लख्ख होतो आणि कडेला एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा.

"हा हात तिचा," मी म्हटलं.

"कशावरून?"

"बांगड्या मी घेतलेल्या."

नात हसून लोळायची तेवढी राहिली. आतून बायको हात पुसत कधी येऊन उभी राहिली ते आम्हा दोघांना कळलं नाही. "बघू," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्याच तिनं सगळे फोटो बघितले. बारशाचे, पूजेचे, साखरपुड्याचे. ज्यात ती होती त्यात ती मागं होती, आणि मागची माणसं येतात तशीच आली होती. अर्धी, पुसट. पोरगा सोफ्यावर बसला होता, तिनं त्याच्याकडं तोंड केलं.

"मला हॉल नको. केक तर नकोच, माझे दात नायत त्यासाठी. मला एक फोटो पायजे. सगळ्यांचा. त्यात मी दिसले पायजे. मी म्हंजे माझं तोंड, परात नाय."

मागणाऱ्यातली ही बाई नाही. बाजारात टोपली घेऊन बसायची तेव्हा गिऱ्हाईक मागायचं आणि ही द्यायची नाही, अशी तिची ख्याती. म्हणून तिचं ते बोलणं घरातल्या प्रत्येकाला नीट ऐकू गेलं. पोरानं हॉलवाल्याला तिथल्या तिथं फोन करून नको म्हणून सांगितलं.

फोटो कुठं काढायचा यावर मात्र मी कोणाचं ऐकणार नव्हतो. आम्ही सारसोळ्याचे. नवी मुंबई नंतर आली, आम्ही आधीपासून होतो. शेत गेलं, मिठागर गेलं, चार मजले आले, भाडेकरू आले, पण खाडी राहिली आणि माझी बोट राहिली. फोटो खाडीवर होणार आणि मागं माझी बोट असणार, असं मी सांगून टाकलं. शाळेत मी तिसरीपर्यंत होतो, चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, पण माझ्या फोटोच्या मागं काय असावं हे कळायला तिसरी पुष्कळ झाली.

पहिली खटपट नातीनं फोनवर केली. एका रविवारी सकाळी आम्हा दोघांना जेट्टीच्या अलीकडच्या बांधावर उभं केलं, नुसतं बघायला. फोनमध्ये एक बटन आहे, ते दाबलं की माणूस साफ येतो आणि मागचं पुसट होतं. ती त्याला ब्लर म्हणते. मी पुसटच म्हणतो.

"पुसट कशाला?" मी विचारलं. "आता कुठं बोटीला रंग दिलाय मी."

"मागचं सगळं साफ आलं की नजर तिकडंच जाते, आजोबा. बोट, खांब, पाटी, टॉवर. त्यात चेहरा हरवतो. आजीला चेहरा पायजे ना?"

मी छाती पुढं काढून, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. फोटो लांबून बरा वाटला. मग तिनं दोन बोटांनी तो मोठा केला. माझी डावी मिशी फोननं मध्येच कापली होती, उरलेली खाडीत गेली होती. बायकोच्या अंबाड्यावरची अबोलीची वेणी अर्धीच होती, अर्धी मागच्या तिवराच्या झाडीत विरघळली होती. आणि कमरेवर ठेवलेल्या माझ्या हाताच्या कोपराच्या फटीतून खाडी दिसत होती, अगदी साफ. तिच्यावर तरंगणारी दुधाची पिशवीसुद्धा उचलून घ्यावी अशी. खांद्याच्या वर मात्र खाडी पुसट.

"ह्या दोन खाड्या हायत का गं?" बायकोनं विचारलं.

"फोन अंदाजानं कापतो, आजी. खरं लांब काय, जवळ काय, त्याला कळत नाय. पुठ्ठ्याची माणसं चिकटवल्यासारखी दिसताय तुमी दोघं."

"ह्यांच्या मिशीला कात्री लागली ते बरं झालं," बायको म्हणाली, "माझी वेनी कशाला खाल्ली मेल्यानं?"

त्या फोटोवर माझा विश्वास बसला नाही आणि पुसट करण्याच्या कल्पनेवर तर अजिबातच नाही. तेव्हा नातीनं मला घराच्या गच्चीवर नेलं. म्हणाली, "एक डोळा मिटा. अंगठा डोळ्यासमोर धरा. अंगठ्याकडं बघा. आता समोरची बिल्डिंग कशी दिसते?"

अंगठा साफ होता. नखातला बोटीचा निळा रंगही दिसत होता. बिल्डिंग मागं होती, पण नुसती असल्यासारखी.

"पुसट," मी म्हटलं.

"मग? ती कोनी कापली का? जेवढं लांब तेवढं पुसट, आपोआप. खऱ्या कॅमेऱ्याची काच असंच बघते, तुमच्या डोळ्यासारखी."

मी अंगठा जवळ-लांब करून किती तरी वेळ बघत राहिलो. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई माझ्याकडं संशयानं बघायला लागली तेव्हा खाली आलो. बहात्तर वर्षं हे दोन डोळे घेऊन फिरतोय आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पण तसं मी नातीला बोललो नाही. "बघू," एवढंच म्हटलं.

तिनं कोपरखैरण्याच्या एका मैत्रिणीकडून खरा कॅमेरा आणला. ती मैत्रीण लग्नाचे फोटो काढते. कॅमेऱ्याला पुढं तांब्याएवढं तोंड. लग्नाच्या वाढदिवसाची संध्याकाळ धरली. वेळ मी ठरवली, भरती बघून, कारण ओहोटीला मागं नुसता चिखल.

"पुसट झाल्यावर चिखल नि पानी सारखंच दिसतं, आजोबा," नात म्हणाली.

"तुला सारखं दिसत असेल. मला नाय दिसत."

उरणहून पोरगी आणि जावई आले. आणि माझा मोठा भाऊ आला, लाल टोपी घालून, काठी टेकत. ह्या भावाबद्दल थोडं सांगायला हवं. वडील गेल्यावर घरचा मोठा तोच. आमच्याकडं धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर नवऱ्याच्या बरोबरीनं उभं राहायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचंही नाही. आता नव्या पोरी हे पाळत नाहीत, माझी सून तर भावाच्या पोराशी, म्हणजे तिच्या थोरल्या दिराशी, बसून पत्ते खेळते. पण ह्या दोघांनी पन्नास वर्षं पाळलं. भावाला पाणी हवं असलं की तो भिंतीकडं बघून म्हणतो, "जरा पानी भेटलं तर बरं होईल." पाणी येतं. चहात साखर घालू का हे बायको मला विचारते, भाऊ समोर बसलेला असताना, आणि भाऊ उत्तर देतो भिंतीला. बाहेरच्याला वाटेल भांडण आहे. भांडण नाही, मान आहे. सुके बोंबील झाले की पहिली टोपली त्याच्या घरी जाते, आणि कुठले बोंबील त्याला आवडतात ते माझ्यापेक्षा हिला जास्त ठाऊक.

खाडीवर पोचल्यावर पहिला तंटा बोटीवरून झाला. मी ती बांधाला अगदी लागून बांधली होती, आमच्या पाठीशी यावी म्हणून.

"एवढी जवळ असली तर ती साफच येनार," नात म्हणाली. "लांब न्यायला लागेल. तिथं, त्या खुंटाच्या पलीकडं."

"तिथून कोन ओळखनार माझी बोट?"

"लाल-निळा डाग दिसेल की."

"डाग?"

जावई खाडीकडं बघायला लागला. पोरगा मोबाईलमध्ये. दोनदा हात मारून रंग दिला होता मी तिला, आणि ही पोर डाग म्हणते. पण बायको बांधावर हिरवं नऊवारी नेसून, अबोलीची वेणी घालून उभी होती, आणि माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मी गपचूप खाली उतरलो. माझ्या बोटीला मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, म्हणून इस्त्रीच्या लेंग्यानिशी मीच उतरलो. बोट खुंटाच्या पलीकडं लावून परत आलो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"टेन्शन नको," नात म्हणाली, "कमरेच्या वरूनच घेते."

मग तिनं चपलेच्या टोकानं बांधाच्या मातीत एक रेघ ओढली. सगळ्यांनी त्या रेघेवर उभं राहायचं. कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. ही काच उघडी ठेवली की रेघेच्या एक वीत इकडं आणि एक वीत तिकडं एवढंच साफ बघते, त्याच्या मागं जो गेला तो खाडीच्या वाटेला लागला, असं तिनं समजावलं. भावासाठी आणि माझ्यासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या होत्या. भाऊ म्हणाला, "मी बसनार नाय, म्हातारा दिसतो." ऐंशीच्या पुढं गेलाय तो. तो बसत नाही म्हटल्यावर मी कशाला बसू? खुर्च्या बाजूला राहिल्या.

रेघेवर आम्ही असे उभे राहिलो: मधोमध भाऊ, त्याच्या शेजारी मी, माझ्या शेजारी बायको, आणि दोन्हीकडं पोरं. नात लांब जाऊन एका गुडघ्यावर बसली. "रेडी," म्हणाली. कॅमेरा वाजला. तिनं मागचा पडदा बघितला आणि उठली.

"आजी, मागं जाऊ नको."

"मी कुठं गेले?"

"गेलीस. बघ, पुसट आलीस."

"मी हललेसुद्धा नाय!"

पुन्हा उभे राहिलो. पुन्हा "रेडी". ह्या वेळी मी तिच्या पायांकडंच बघत होतो. भावाची काठी नुसती वाजली, आणि हिचा पाय रेघेवरून मागं गेला. तिला कळलंही नाही. पापणी लवते तसा गेला. पन्नास वर्षं तो पाय तसाच जात आलाय, त्याला कोणी थांबवायचं? सगळ्यांनी बघितलं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ समोर असता तोंडावर सांगायचं कोणी?

"काच जरा मिटवून बघ की," पोरगा म्हणाला. "मग सगळेच साफ येतील."

नातीनं तेही केलं. आजी साफ आली, पण तिच्या डोक्यातून मोबाईलचा टॉवर उगवला. जागा बदलली तर विजेचा खांब. आणखी सरकलो तर भावाच्या लाल टोपीवर कोणाची तरी वीस मजल्यांची बिल्डिंग.

"ही बिल्डिंग मी बांधली नाय," भाऊ म्हणाला. "काढा डोक्यावरनं."

पुन्हा रेघ, पुन्हा उघडी काच. मी मनात म्हटलं, ती पुढं येत नाही तर आपण मागं जाऊ. "रेडी" म्हटल्याबरोबर मी तिच्या बरोबरीला सरकलो. ती आणखी मागं. मी पुन्हा सरकलो, ती पुन्हा मागं. नात ओरडत होती, "आजोबा, रेघ! रेघ!" आणि आम्ही दोघं बांधाच्या दुसऱ्या कडेला.

"बाबा," जावई म्हणाला, "आता मागं पानी हाय."

पोरगी पोट धरून हसायला लागली. भाऊ गंभीर झाला होता. तो भिंतीशी बोलतो, पण इथं भिंत नव्हती, म्हणून खाडीला म्हणाला, "मी पाठ करून उभा राहतो म्हनावं. मग येतील पुढं."

"मोठे काका, मग फोटोत तुमची टोपीच येईल," पोरगी म्हणाली.

"येऊ दे. टोपी नवी हाय."

आणि तो खरंच वळायला लागला, काठी टेकत. त्याला धरून पुन्हा सरळ करावं लागलं.

एवढ्यात ऊन तांबूस झालं होतं. सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकायला आला. नात पुन्हा पुन्हा आभाळाकडं बघत होती. बायकोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हळूच म्हणाली, "राहू दे गं. उजेड गेला. मी हाय तेवढी बस."

मला गावात हट्टी म्हणतात. असेन. बाजारभाव पडला म्हणून ही बाई कधी टोपली उचलून घरी आली नाही, रात्र झाली तरी बसून राहायची, आणि आज एका फोटोसाठी "राहू दे" म्हणते? माझं डोकं फिरलं. पोरं आपापसात बोलत होती तेवढ्यात मी बाजूची एक खुर्ची उचलली आणि तिच्या पाठीमागं नेऊन ठेवली, गुडघ्यांपासून दोन बोटांवर. तिला सांगितलं नाही. नातीला डोळ्यानं खुणावलं आणि रेघेवर येऊन सरळ उभा राहिलो. आता जा म्हटलं मागं, बघू कुठं जातेस ते.

"रेडी," नात म्हणाली.

पाय मागं गेला. खुर्ची लागली गुडघ्याला, आणि बायको धप्पकन खुर्चीत बसली. मी विचार केला होता की ती थांबेल. बसेल असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. आणि बांधाची माती ओली. खुर्चीचे मागचे दोन पाय मातीत रुतायला लागले, खुर्ची पाठीवर कलंडायला लागली, आणि हिचे पाय वर.

"अगो बाय!"

मी मागं धावलो आणि खुर्चीची पाठ धरली. पोरगा धावला, जावई धावला. आणि भाऊ काठी टाकून आला. ऐंशीच्या पुढचा माणूस, त्यानं खुर्चीचा हात धरला आणि तिच्याकडं बघून ओरडला, "अगं पडशील ना!"

सगळे एकदम थांबले. खुर्ची तशीच कललेली, आम्ही मागून धरलेली. पन्नास वर्षांत त्यानं तिला बोललेला तो पहिला शब्द. बायकोनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि तिला जे हसू फुटलं ते मी कधी बघितलं नव्हतं. तोंडावर पदर नाही, हात नाही. हसत हसत पुन्हा समोर बघितलं आणि म्हणाली, "नाय पडत भावोजी, तुमी धरलंय ना!"

नातीनं काच रेघेवरून आजीवर आणली होती आणि कॅमेरा वाजत होता. एकदा नाही, कितीतरी वेळा वाजला. आम्हाला कोणाला ऐकू आला नाही.

नंतर सगळे नातीभोवती गोळा झालो. बायकोला जागा करून दिली. त्या एवढ्याशा पडद्यावर बायको होती. मधोमध, पुढं, हसताना. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, नथीचा मोती, वेणीतलं एकेक अबोलीचं फूल. कपाळाजवळच्या पांढऱ्या बटेला उन्हाची कड लागली होती, आणि ती बट कुठंही कापलेली नव्हती. तिच्या मागं खुर्चीला लोंबकळलेले आम्ही. तिच्यामागं एक हात आम्ही थोडे पुसट, आमच्यामागं बांध त्याहून पुसट, मग पाणी, मग माझी बोट, लाल-निळी, पाण्यात रंगाचे दोन थेंब पडावेत तशी, आणि शेवटी तिवराची झाडी नुसती हिरवी. टॉवर कुठं गेला ते शोधूनही सापडेना.

"बघा, कसं हळूहळू होत गेलंय," नात म्हणाली. "कुठं सुरू झालं ते कळत नाय. हे खरं."

बायको पुढं वाकली. मग बोट पडद्याजवळ नेलं, लावलं नाही.

"हनुवटीवरचं गोंदन दिसतंय," ती म्हणाली. "आईनं गोंदवलं होतं. मी रडले होते तेव्हा."

मीही वाकून बघितलं. गोंदण होतं. आणि तिच्या खांद्याच्या मागं कोणीतरी होतं, तोंड उघडं, डोळे बाहेर, मिशी म्हणावी तर मिशी, सावली म्हणावी तर सावली.

"हा कोन?" मी विचारलं.

"तुमी," सगळे म्हणाले.

मी सांगितलं, आता आणखी एक काढू, सगळं नीट, मी पण साफ. नात म्हणाली उजेड संपला. मी म्हटलं उद्या. पोरगी म्हणाली उद्या जावयाला ड्युटी. मी म्हटलं, मग ह्यातलाच मला साफ कर, तुमच्या कॉम्प्युटरवर सगळं होतं ना? नात म्हणाली, जे काचेतनं पुसट आलं ते पुसटच राहतं. मी म्हटलं, मग तांब्याएवढ्या तोंडाचा कॅमेरा कशाला आणला? खाडीवरून घरापर्यंत हेच चाललं होतं. घरी जेवायला बसलो, ताटात पापलेट आलं, तरी मी तेच बोलत होतो. ज्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तोच फोटोत पुसट, हे कुठलं रीतीला धरून?

"मी पन पुसट हाय," भाऊ घास घेत म्हणाला. "मी बोललो का काय?"

"टोपी तरी दिसतेय तुझी."

"तुमचा चिखल दिसत नाय ते बघा," बायको म्हणाली. "गुडघ्यापर्यंत होता. मी कोनाला सांगितलं नाय." मग भावाच्या ताटाकडं बघून, मधेच, सरळ त्यालाच विचारलं, "आनखी तुकडा घालू का, भावोजी?"

भावानं सवयीनं भिंतीकडं मान वळवली, मग परत आणली.

"घाल," म्हणाला.

त्यानंतर फोटोबद्दल मी काही बोललो नाही. हाच फोटो मोठा करून लावायचा, असं बायकोनं सांगितलं होतं आणि त्याच्यावर मत द्यायला घरात कोणी उरलं नव्हतं. नात म्हणाली, मैत्रिणीच्या ओळखीचा छापणारा आहे, चार-पाच दिवस लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी उठलो, बोटीच्या सामानातला हातोडा आणि सगळ्यात लांब खिळा घेतला, आणि दारातून आत आल्याबरोबर समोर दिसते त्या भिंतीवरचं घड्याळ काढून फ्रिजच्या वर ठेवलं. खुर्चीवर चढलो. अंदाज घेतला. पहिल्या घावाला थोडं प्लास्टर पडलं.

"काय चाललंय?" बायको आतून ओरडली.

"खिळा मारतोय."

"फोटो आला?"

"येईल की."

"मग आत्ता कशाला भिंत फोडताय? उतरा आधी, पडाल!"

मी आणखी दोन घाव घातले. खिळा घट्ट बसला का ते हातानं ओढून बघितलं, आणि मग उतरलो.